छातीतील धडधड : पन्नाशीपुढील सभासदांनी समजून घ्यावयाच्या गोष्टी



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, पाचट आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. प्लॉट पाहणीला बांधावर गेले म्हणजे पन्नाशी-साठीतले सभासद हल्ली उसाच्या आधी आपल्या छातीचे सांगतात. "साहेब, मधूनच छातीत धडधडतंय, जरा बसलं की राहतंय. कशानं होत असंल ओ?" हा प्रश्न निरनिराळ्या गावांत इतक्यांदा ऐकला की त्याचे उत्तर एकदा नीट शोधावे असे वाटले. आम्ही डॉक्टर नाही, आमची पदविका शेतीची. जाणकारांना विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत. औषध सांगण्याचा हेतू नाही. कोणत्या धडधडीला भ्यायचे नाही आणि कोणती धडधड अंगावर काढायची नाही, एवढे ओळखता यावे म्हणून हा लेख.

हृदयाची लाईट

हृदय म्हणजे मुठीएवढा मांसाचा पंप. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे एक लाखावर ठोके होतात. दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलले जाते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ७,००० लिटर. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट लागते तशी या पंपालाही लागते. फरक एवढाच की ही लाईट आतच तयार होते आणि तिला भारनियमन चालत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहान पुंजका असतो. तोच या पंपाचा स्टार्टर. इंग्लंडमधील कीथ व फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो दाखवून दिला. त्याच्याकडून विजेचा बारीक इशारा निघतो, वरचे दोन कप्पे आवळतात. मग तो इशारा मधल्या एका दरवाजाशी क्षणभर थांबतो आणि खाली उतरतो, तेव्हा खालचे दोन मोठे कप्पे आवळून रक्त अंगभर पाठवतात. हा मधला दरवाजा तवारा या जपानी डॉक्टरने १९०६ साली शोधला. पुढे त्याचे काम येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

हे सगळे चालू असताना आपल्याला पत्ता नसतो. पत्ता लागतो तेव्हा आपण म्हणतो, धडधडतंय.

सर्वांत नेहमीची धडधड म्हणजे 'जादा ठोका'. स्टार्टरच्या इशाऱ्याची वाट न पाहता हृदयातील दुसरीच एखादी जागा मधेच इशारा देते. ठोका वेळेआधी पडतो, तो अर्धवट असतो. त्यानंतर थोडी मोकळी जागा जाते आणि पुढचा ठोका दणकून बसतो. माणसाला वाटते, ठोका चुकला, काळीज गळ्याशी आले. वास्तविक ठोका चुकलेला नसतो, आधी पडून गेलेला असतो. पन्नाशीपुढील निरोगी माणसाला चोवीस तास यंत्र लावून पाहिले तर असा एखादा तरी जादा ठोका बहुतेक प्रत्येकात सापडतो. रात्री अंथरुणावर, विशेषतः डाव्या कुशीवर, तो जास्त जाणवतो. सगळे शांत असते आणि हृदय बरगडीला जवळ आलेले असते, एवढेच त्याचे कारण. हृदय मुळात धड असेल, चक्कर-धाप नसेल, तर अशा तुरळक ठोक्यांना भिण्याचे कारण नाही. मात्र ते दिवसभर सारखेच येऊ लागले तर दाखवावे.

दुसरा प्रकार बटण दाबल्यासारखा. बसल्या जागी एकदम मिनिटाला १५०-२०० ठोके सुरू, ठेका सरळ, आणि काही वेळाने तसेच एकदम बंद. यात आतल्या लाईटला एक आडवाट सापडलेली असते आणि ती तेथेच गोल फिरत राहते. ही धडधड घाबरवते खूप, पण बहुतेकांच्या जीवावर बेतत नाही. तिला जोर लावून फुंकण्याची एक युक्ती आहे. २०१५ साली विलायतेत चारशेवर रुग्णांवर ती तपासली गेली. रुग्णाला अर्धवट बसवून १५ सेकंद जोराने फुंकायला लावले आणि लगेच आडवे करून पाय वर उचलून धरले. शंभरातील ४३ जणांची धडधड जागेवर थांबली. नुसते बसून फुंकणाऱ्यांत हेच प्रमाण १७ होते. पण निदान पक्के झाल्यावर डॉक्टरांनी समोर करून दाखवले असेल तरच ही युक्ती करावी. ऐकीव माहितीवर करू नये.

तिसऱ्या प्रकारासाठी खरे तर हा लेख आहे.

ठेकाच हरवतो तेव्हा

या प्रकाराला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मराठीत सोपा शब्द रुळलेला नाही. यात वरच्या कप्प्यांत एका स्टार्टरऐवजी जागोजाग लाईट पेटते. मिनिटाला ३५० ते ६०० इशारे सुटतात, कप्पे आवळायचे सोडून नुसते थरथरतात. मधला दरवाजा हे सगळे खाली जाऊ देत नाही, म्हणूनच माणूस जगतो. पण जे इशारे सुटतात ते कसेही सुटतात, आणि नाडीला ठेका म्हणून राहत नाही.

धडधड हा यातला लहान त्रास आहे. मोठा धोका वेगळा. चारीच्या टोकाला पाणी वाहते राहिले नाही की गाळ बसतो, शेवाळ धरते, हे आपण रोज पाहतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताचे तसेच होते. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तेथे रक्त तुंबते व त्याची गाठ धरते. ती गाठ सुटून मेंदूच्या नळीत अडकली की लकवा. हा विकार असणाऱ्या माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. बरे, हा विकार नेहमी सारखाच चालू असतो असे नाही. पुष्कळांना तो तासभर येतो आणि जातो. "राहिलं की आपोआप" म्हणून घरचे निश्चिंत होतात. धडधड थांबली म्हणजे धोका टळला, हा समज आपल्या गावांत सर्वांत घातक आहे. कित्येकांना तर धडधड जाणवतही नाही. नुसता थकवा येतो, बांधापर्यंत चालले की धाप लागते, आणि आपण म्हणतो, वय झाले.

वय वाढेल तसा हा विकार वाढतो. त्याच्या मुळाशी बहुधा न तपासलेले ब्लडप्रेशर असते. मधुमेह, लठ्ठपणा, दारू, थायरॉईडचे वाढलेले काम हीही कारणे आहेत. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजणारा ताप काहींना आलेला असतो. त्याने हृदयाची झडप आखडते आणि त्याचे फळ तीस-चाळीस वर्षांनीही दिसते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ही माहिती डॉक्टरांना सांगावी.

उपाय आहे, आणि चांगला आहे. योग्य रुग्णाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिली की लकव्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. हृदयाच्या नावाने घेतली जाणारी ॲस्पिरीनची लहान गोळी या कामी पुरत नाही. झडप आखडलेल्या रुग्णाची गोळी निराळी असते, तिच्यासाठी वरचेवर रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही ती यासाठी. अर्जुनाच्या सालीचा काढा घेणारे सभासद आम्हाला पुष्कळ भेटतात. घ्यायचा तर डॉक्टरांना सांगून घ्यावा, पण त्याच्या भरवशावर ही गोळी सोडू नये. बांधावरच्या कण्हेरीपासून आणि पिवळ्या बिट्टीपासून मात्र चार हात दूर राहावे. त्यांत हृदयाचा ताल बिघडवणारे विषच आहे.

आपल्या रहाटीतील कारणे

धडधडीचे कारण प्रत्येक वेळी हृदयातच असते असे नाही. सोलापूरकडील ऊन कोणास सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि आपण भर दुपारी सऱ्या सोडत असतो. घामावाटे पाणी आणि मीठ जाते, रक्त कमी पडते, ते फिरवायला पंप जास्त पळतो. त्यात जुलाब झाले किंवा बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर अंगातले पोटॅशियम उतरते. उसाला पोटॅशचा हप्ता चुकला की काय होते ते आपण जाणता. हृदयाच्या लाईटचेही काम पोटॅशियमवर चालते, कमी झाले तरी बिघाड आणि जास्त झाले तरी बिघाड. तेव्हा उन्हात पाणी आणि जुलाबात जलसंजीवनी घ्यावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदय कमजोर असण्याचा विकार ज्यांना आहे त्यांनी शहाळी आणि पाणी किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

रात्रीच्या लाईटवर पाणी धरणे हे दुसरे कारण. रात्रभर जागरण, वर चार कप चहा, गालात तंबाखू आणि सकाळी उपाशीपोटी पुन्हा मळ्यात. चहा प्रत्येकाला बाधतोच असे नाही. ज्याला बाधतो त्याने आठवडाभर बंद करून फरक पाहावा. तंबाखूचे तसे नाही. मशेरी असो, मावा असो की चुना-तंबाखू, निकोटिन नाडी वाढवतेच. आणि दारू. लग्न-जत्रेत एकदम जास्त घेतल्यावर हृदयाचा ठेका बिघडून दवाखान्यात येणाऱ्यांचे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७८ साली वर्णन केले आणि त्याला 'सुट्टीचे हृदय' असे नाव दिले. आपल्याकडे उसाचे बिल जमा झाले की ही सुट्टी लागते, एवढाच फरक.

औषधेही तपासावीत. दम्याचा फवारा, सर्दीच्या काही गोळ्या, थायरॉईडची जास्त झालेली मात्रा यांनी धडधडते. बी.पी.ची काही औषधे एकदम बंद केली तरी धडधडते. "बरं वाटलं म्हणून सोडली" असे म्हणणारे आमच्या प्रत्येक गटात आहेत.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, आणि घाम, कापरे व धडधड एकदम सुरू झाली, तर ती साखर उतरल्याची खूण समजावी. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग जेवू घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. साखर कारखान्याच्या सभासदाने खिशात चिमूटभर साखर बाळगावी, यात लाजण्यासारखे काही नाही. आषाढीला पायी जाणाऱ्यांनी आणि एकादशी धरणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. दिंडीत रोजच्या गोळ्या पिशवीतल्या पिशवीत राहतात आणि चालणे मात्र रोजचे पाच-सहा कोस होते.

फवारणीनंतर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, धाप, नाडी फार मंद किंवा फार जलद, असे काही झाले तर ती नेहमीची धडधड समजू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीने शेतकरी व मजूर दगावले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. लेबलावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

भगिनींविषयी थोडे अधिक लिहितो, कारण त्यांची धडधड घरात कोणी मोजतच नाही. "तिचं नेहमीचंच हाय, जीव घाबरतोय म्हणती" असे म्हणून विषय संपतो. पाळी जाण्याच्या वयात अंगातून गरम वाफा निघून धडधड होते, हे खरे. पण त्याच वयात रक्त कमी असणे आणि थायरॉईडचा बिघाडही नेहमी आढळतो, आणि दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. आपल्याकडे तोडीला येणाऱ्या टोळ्यांतील बायकांचाही येथे विचार व्हावा. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,००० हून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत १३,००० हून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली निघाली. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले असेल तर पाळी जाण्याचे सगळे त्रास, ही धडधडसुद्धा, तरुणपणीच सुरू होतात. आपल्या फडात पस्तिशीची बाई मोळी टाकून छातीला हात लावून बसली तर ती कामचुकार आहे असे मुकादमाने म्हणू नये, आणि आपण म्हणू देऊ नये.

नाडी मोजणे आणि धडधड पकडणे

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या हाताची तीन बोटे हलकी ठेवावीत. अंगठा वापरू नये, त्याची स्वतःचीच नाडी लागते. पाच मिनिटे स्वस्थ बसून मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई करू नये, ठेका बिघडलेला असेल तर त्यात फसगत होते. बसल्या जागी ६० ते १०० ठोके सर्वसाधारण समजतात. कष्टाच्या माणसाचे पन्नाशीतही असू शकतात. पन्नासच्या खाली असून चक्कर येत असेल तर मात्र दाखवावे. आतली लाईट मधेच तुटण्याचा विकार असतो, त्यावर पेसमेकर बसवतात.

संख्येपेक्षाही ठेका पाहावा. भजनात टाळ धरणाऱ्या सभासदांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ठेका सरळ चालून मधेच एखादी मात्रा चुकली तर तो बहुधा जादा ठोका. ठेका सरळ पण भलताच द्रुत, तर वर सांगितलेला दुसरा प्रकार असू शकतो. आणि कितीही ऐकले तरी ठेकाच सापडत नसेल तर तिसऱ्याचा संशय घेऊन त्याच दिवशी ई.सी.जी. काढावा. कोरोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत कपाटात पडून आहे, तेही नाडीचा आकडा दाखवते. पण ठेका बिघडलेला असला की त्याचा आकडा भरवशाचा नसतो. बोटे बरी.

आता एक अडचण. सभासद दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असते, ई.सी.जी. चांगला येतो, आणि घरी परतताना तो म्हणतो, पैसे गेले, काही निघालं नाही. ई.सी.जी. त्या काही सेकंदांचाच हिशेब सांगतो, मंगळवारचा काटा सोमवारच्या उसाचे वजन सांगत नाही तसेच हे. यासाठीच अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात माणसाच्या पाठीवर बांधून हृदयाची नोंद घेणारे यंत्र केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते, म्हणजे युरियाच्या गोणीपेक्षा थोडेसेच हलके. आज तेच यंत्र खिशात मावते, चोवीस तास किंवा अधिक दिवस लावता येते आणि त्याला होल्टरच म्हणतात. डॉक्टरांनी ते सुचवले तर टाळू नये. आणि धडधड चालू असताना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पोहोचता आले तर तेथेच पट्टी काढून घ्यावी. तेवढ्या एका पट्टीने पुढच्या पुष्कळ तपासण्या वाचतात. ती पट्टी जपून ठेवावी, उसाच्या पावत्यांच्या फाईलीत ठेवली तरी चालेल.

धडधडीबरोबर छातीत दाब, थंड घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी किंवा प्रत्यक्ष बेशुद्धी, यांपैकी काहीही आले तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. आधीच हृदयविकार असेल, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तरीही अंगावर काढू नये. धडधड चालू असताना ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीत उतरू नये, मोटारसायकलवरून एकट्याने दवाखान्याला निघू नये. तोंड वाकडे झाले, एक हात गळाला, बोलणे अडखळले तर तो लकवा. मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. तालुक्यापासून सोलापूरला सिव्हिलमध्ये किंवा सोय असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ त्यातच धरायचा आहे. तेव्हा देवऋषी, मालिश आणि 'सकाळी बघू' यांत तो घालवू नये. खर्चाच्या काळजीने थांबू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला भेटावे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढे लिहून न्यावे : धडधड कोणत्या तारखेस व किती वाजता आली, तेव्हा काय करीत होतो, हळूहळू आली की एकदम, किती वेळ राहिली, नाडी किती लागली व ठेका कसा होता, चक्कर-धाप होती का, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे. नावे लिहिता येत नसतील तर गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. ज्यांना नाडी मोजायला जमत नाही त्यांनी गट ऑफिसात यावे. आमच्या कर्मचाऱ्यांना ती मोजायला शिकवली आहे, मिनिटभराचेच काम आहे.